नवजात तारे आणि धूलिमेघ

नवजात तारे : गाभ्यात हायड्रोजनचे सम्मीलन (अणुकेंद्रे जुळून ऊर्जा बाहेर पडणे) अजून स्थिरावलेले नाही, असे तारे. त्यांचा जन्म वायू आणि धूळ यांच्या थंड मेघांत होतो. या मेघांतला हायड्रोजन सुट्या अणूंऐवजी रेणूंच्या रूपात असतो, म्हणून त्यांना रेणवीय मेघ म्हणतात. त्यांचे तापमान १० ते २० केल्विन, म्हणजे उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास, असते, तर घनता दर घन सेंटीमीटरला शंभर ते काही हजार रेणू. समुद्रसपाटीवरच्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर अठरा शून्ये इतके रेणू मावतात. इतका विरळ असूनही मेघ काळाकुट्ट दिसतो, कारण त्याची जाडी प्रकाशवर्षांत मोजावी लागते.

मेघाच्या वस्तुमानात धुळीचा वाटा जेमतेम एक टक्का. ‘धूळ’ हा शब्दही थोडा फसवाच आहे. सिलिकेट आणि कार्बन यांचे हे कण साधारण एक दशांश मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे, म्हणजे धुराच्या कणांच्या जवळचे. पण या एका टक्क्यावाचून तारा घडणे फार अवघड झाले असते. हायड्रोजनचे दोन अणू मोकळ्या वायूत भेटले तरी जोडणीची ऊर्जा बाहेर टाकता न आल्याने ते पुन्हा सुटतात. धूलिकणाच्या पृष्ठभागावर ती ऊर्जा कण शोषून घेतो आणि रेणू तयार होतो. हीच धूळ बाहेरचे अतिनील किरण अडवून रेणूंना तुटू देत नाही. मेघातली उष्णता कार्बन मोनॉक्साइडसारखे रेणू आणि धूलिकण प्रारणाच्या रूपाने बाहेर टाकतात, म्हणून मेघ थंड राहतो.

हा थंडपणा निर्णायक ठरतो. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडलेल्या निकषानुसार मेघाचा एखादा भाग ठरावीक वस्तुमानापेक्षा जड झाला की वायूचा दाब त्याच्या गुरुत्वाकर्षणाला आवरू शकत नाही. तापमान दुप्पट झाले तर ही मर्यादा सुमारे २.८ पट वाढते. घनता चौपट झाली तर ती निम्म्यावर येते. मेघातल्या १० केल्विन तापमानाच्या दाट गाठीत, म्हणजे मेघाच्या गाभ्यात, ती काही सौर वस्तुमानांइतकी भरते. प्रत्यक्षात चुंबकीय क्षेत्र आणि वायूचा खळखळाट हेही आकुंचनाला विरोध करतात. त्यामुळे मेघाचा बहुतेक भाग तारा न होताच पांगतो. ताऱ्यांत रूपांतर होते ते काही टक्क्यांचेच.

गाभा कोसळू लागला की सुरुवातीला उष्णता सहज निसटते आणि तापमान फारसे वाढत नाही. मग मध्यभाग इतका दाट होतो की धूळ स्वतःच्याच अवरक्त किरणांना अपारदर्शक बनते. उष्णता कोंडते, दाब वाढतो आणि काही खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) आकाराचा पहिला गाभा तात्पुरता तोल सांभाळतो. तापमान २,००० केल्विनच्या आसपास पोचले की हायड्रोजनचे रेणू फुटू लागतात. दाब वाढवण्याऐवजी ऊर्जा या फोडणीतच खर्च होते आणि गाभा दुसऱ्यांदा कोसळतो. यातून उरतो तो खरा आदितारा, म्हणजे अजून घडत असलेला तारा. त्याचे वस्तुमान सुरुवातीला अंतिम वस्तुमानाचा छोटा अंश असते. बाकीचे बाहेरून पडत राहते.

मात्र सगळे साहित्य सरळ ताऱ्यावर पडत नाही. गाभा सावकाश फिरत असतो आणि आकुंचनात त्याची त्रिज्या लाखो पटींनी घटते. कोनीय संवेग (फिरण्याच्या गतीचे माप) जसाच्या तसा राहिला असता, तर आकसताना फिरणे वेगावत जाऊन ताऱ्याच्या आकाराला पोचण्याआधीच तो फुटला असता. म्हणून साहित्य आधी चकतीत साचते. तिथून काही आत झिरपते, तर काही ध्रुवांच्या दिशेने सेकंदाला शंभर ते काहीशे किलोमीटर वेगाच्या झोतांतून बाहेर फेकले जाते. झोत भोवतालच्या वायूवर आदळून उजळणाऱ्या ठिपक्यांना हर्बिग-हारो पिंड म्हणतात. चकतीतून होणारा भरणाही एकसारखा नसतो. मृग तारकासमूहातला एफयू ओरायनिस हा तारा १९३६-३७ मध्ये सुमारे सहा प्रतींनी (प्रत हे तेजस्वितेचे माप), म्हणजे जवळपास अडीचशे पट, उजळला; चकतीतले साहित्य एकदम आत कोसळल्याचा हा परिणाम मानतात.

नवजात ताऱ्याची अवस्था भोवती किती धूळ उरली आहे यावरून ओळखतात. शून्य वर्गात तारा आवरणात पूर्ण दडलेला असतो. पहिल्या वर्गात आवरण विरळ होते. दुसऱ्यात आवरण जाऊन चकती उरते. सूर्यासारख्या वस्तुमानाचे असे तारे म्हणजे टी टॉरी तारे (हा गट आल्फ्रेड जॉय या खगोलशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये ओळखला). तिसऱ्यात चकतीही जवळपास संपते. चकत्यांचे निम्मे आयुष्य २०-३० लाख वर्षांचे, तर एक कोटी वर्षांनंतर फारच थोड्या टिकतात. ग्रहांचे बांधकाम याच मुदतीत उरकावे लागते. एचएल टॉरी ताऱ्याच्या चकतीतली वलये २०१४ मध्ये चिलीतील अल्मा या रेडिओ दुर्बिणीने टिपली, तेव्हा एवढ्या लहान वयात वलयांमधल्या खाचा दिसाव्यात याचेच आश्चर्य वाटले. सूर्याएवढ्या ताऱ्याला मुख्य क्रमावर, म्हणजे हायड्रोजनचे सम्मीलन स्थिरावलेल्या अवस्थेला, पोचायला मात्र काही कोटी वर्षे लागतात. गाभ्याचे वस्तुमान ०.०८ सौर वस्तुमानाखाली राहिले, तर सम्मीलन न टिकल्याने तो तपकिरी खुजा (तारा होता होता राहिलेला पिंड) होऊन थंडावत जातो.

निरीक्षणात तरंगलांबीची निवड चुकली की सगळेच चुकते. दृश्य प्रकाश दहा प्रतींनी मंदावणारी धूळ त्याचा दहा हजारावा भागच बाहेर सोडते. तीच धूळ २.२ मायक्रॉनच्या अवरक्त किरणांचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग पार जाऊ देते. थंड हायड्रोजन रेणू जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाही, म्हणून मेघाचा नकाशा कार्बन मोनॉक्साइडच्या २.६ मिलिमीटर तरंगलांबीच्या वर्णपटरेषेवरून काढतात (ही रेषा प्रथम सापडली १९७० मध्ये, मृगातील तेजोमेघात). इथे एक सापळा आहे. अतिथंड गाभ्यात हा रेणू धूलिकणांवर गोठतो आणि जिथे वायू सर्वांत दाट, नेमके तिथेच नकाशात भोक दिसते. बार्नार्ड ६८ या छोट्या काळ्या मेघात हे स्वच्छ दिसले आहे. अशा ठिकाणी अमोनियाच्या रेषा वापरतात. धुळीच्या उत्सर्जनावरून वस्तुमान काढताना तापमान कमी धरले, तर मेघ आहे त्याहून जड ठरतो.

अवरक्त किरणांत लाल दिसणारा प्रत्येक बिंदू नवजात तारा नसतो. स्वतःची धूळ उधळणारे म्हातारे राक्षसी तारे आणि दूरच्या दीर्घिकाही तशाच भासतात. चकती कडेने समोर आली, तर दुसऱ्या वर्गातला तारा पहिल्यातला वाटतो. म्हणून वर्णपटात ६७०.८ नॅनोमीटरची लिथियमची रेषा शोधतात. सूर्यासारख्या व त्याहून हलक्या ताऱ्यांत लिथियम वयाबरोबर जळून जाते. तिसऱ्या वर्गातले तारे धुळीअभावी अवरक्त सर्वेक्षणांतून निसटतात, पण क्ष-किरणांत ते सापडतात.

मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली नुसत्या डोळ्यांनी दिसणारा धूसर ठिपका म्हणजे सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ. तिथले जड तारे अतिनील किरणांनी शेजाऱ्यांच्या चकत्या अक्षरशः खरवडून काढत आहेत. वृषभेतला मेघ सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर, शांत आणि हलक्या ताऱ्यांचा. एकट्या ताऱ्याचा जन्म अभ्यासायला तोच सोयीचा. जवळच्याच कृत्तिकांभोवतीची निळसर धूळ मात्र त्यांच्या जन्माची नाही. ते तारे दहा कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. वाटेत आलेल्या परक्या मेघावर त्यांचा प्रकाश पडतो आहे, इतकेच.