सज्ज्याची दिशा (ठाणे व नवी मुंबई)

घराचा जो उघडा भाग बसण्या-उठण्यासाठी वापरतात (अंगण, ओटी, पडवी, गच्ची किंवा इमारतीतला सज्जा, म्हणजे बोलीतली बाल्कनी) त्याचे तोंड कोणीकडे असावे याची निवड. उष्ण-दमट हवेत ऊन टाळायचे असते, वारा हवा असतो आणि पावसाची झड नको असते. ठाणे खाडीच्या दोन्ही तीरांवर दुपारनंतरचे ऊन, समुद्रावरचा वारा आणि पावसाळी झड या तिन्ही गोष्टी मुख्यतः पश्चिमेच्या अंगानेच येतात. इथली मूळ अडचण हीच.

त्यात दलालांच्या भाषेने गोंधळ वाढवला आहे. जाहिरातीतला ‘पूर्वाभिमुख फ्लॅट’ म्हणजे बहुधा मुख्य दार पूर्वेला. मधे पॅसेज आणि दोन्ही बाजूंना घरे अशा इमारतीत पूर्वेला दार उघडणाऱ्या घराचा सज्जा बहुतेक वेळा पश्चिमेला असतो. गिऱ्हाईक वास्तुशास्त्र पाहून पूर्व विकत घेते आणि राहायला पश्चिमेत जाते.

ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो : मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात. (दुसरा शून्य सावली दिवस बहुधा ढगांतच निघून जातो.) या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य उत्तरेला झुकलेला असतो, आणि जूनमध्ये तो ठीक पश्चिमेला न मावळता सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. ‘उत्तरेच्या सज्ज्यात ऊन येतच नाही’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा. मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिथे तिरपे ऊन येते. बाकीचे वर्षभर मात्र तो बहुतांशी सावलीत राहतो.

दक्षिणेची बदनामी वास्तुशास्त्राने केली, हवामानाने नव्हे. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दक्षिणेच्या भिंतीसाठी १ मीटर पुढे आलेला वरच्या मजल्याचा स्लॅब सुमारे २.९ मीटर खालपर्यंत सावली धरतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण मजला, आणि तोही दिवसभर. त्या दोन दिवसांच्या मधला अख्खा उन्हाळा दक्षिणेचा सज्जा सुरक्षित असतो. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य ४७ अंशांपर्यंतच चढतो आणि तोच स्लॅब १.१ मीटरच सावली देतो. पण तेव्हा ऊन हवेसे असते. त्रास होतो तो ऑक्टोबरात. पाऊस सरलेला, हवा कोंदट आणि सूर्य दक्षिणेकडे कललेला.

आता तोच १ मीटरचा स्लॅब पश्चिमेला लावून पाहावा. मेमध्ये संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून सुमारे २८ अंशांवर असतो. सावली मिळते जेमतेम अर्धा मीटर. ऊन सरळ दिवाणखान्यात शिरते, फरशी आणि भिंत तापवते, आणि दिवसभर साठलेली ती उष्णता भिंत रात्री घरात सोडत राहते. पूर्वेलाही सूर्य असाच खालून येतो, पण तेव्हा हवा तापलेली नसते. समोर काचेची इमारत असेल तर पूर्वेच्या घरालाही संध्याकाळचे ऊन परावर्तित होऊन मिळते, आणि ते कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसते.

तरीही पश्चिमेचे घर लोक आवडीने घेतात, ते वाऱ्यासाठी. पाम बीच रस्त्यालगत नेरुळ-सीवूड्सला खाडी पश्चिमेलाच आहे आणि दुपारनंतरचा वारा थेट सज्ज्यात येतो. ठाण्यात समुद्र आणि शहर यांच्या मधे येऊरचे डोंगर आहेत. घोडबंदर रस्त्यावर डोंगराला खेटून असलेल्या इमारतींचा सूर्य लवकर आड होतो, हा पश्चिमेच्या घरांना मिळालेला फुकटचा छज्जाच. मार्च-एप्रिलमध्ये ज्या दिवशी जमिनीवरून पूर्वेचा वारा जोर धरतो आणि समुद्रवारा उशिरा सुरू होतो, त्याच दिवशी पारा चढतो. वाशी-कोपरखैरणे भागात रात्रीच्या पूर्वेच्या वाऱ्याबरोबर औद्योगिक पट्ट्यातला वासही येतो. तिथे सज्ज्याचे दार कधी लावायचे हे ऊन नव्हे, नाक ठरवते.

जुन्या घरांनी हा तिढा दिशेने नव्हे, रुंदीने सोडवला. कोकणातल्या आणि खाडीकाठच्या गावांतल्या घरांची रुंद पडवी उतरत्या कौलारू छपराखाली असे. पावसाळ्यात तिला झावळ्यांचे किंवा बांबूचे तट्टे बांधत, उन्हाळ्यात अंगणात मांडव घालत. नवी मुंबईच्या कल्पनेचे एक जनक वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मुंबईच्या कांचनजंगा इमारतीत (१९८३) हेच सूत्र उंचावर नेले : वारा आणि दृश्य यांसाठी घर पूर्व-पश्चिम उघडे ठेवायचे, पण खोल्यांच्या बाहेर खोल, दुमजली उंचीचे बागेचे सज्जे ठेवून ऊन-पाऊस तिथेच अडवायचे. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये त्यांनी सात-सात घरे सुमारे ८ × ८ मीटरच्या चौकांभोवती मांडली. चौकाभोवतीच्या सगळ्या घरांना एकच ‘चांगली’ दिशा मिळणे शक्यच नसते. तिथे सावली दिशेपेक्षा शेजारच्या भिंतीकडून आणि झाडाकडून येते.

आजच्या इमारतीत उलटे घडते. सज्जा आधीच अरुंद असतो आणि दिवाणखाना मोठा दिसावा म्हणून तोही ‘आत घेतात’. मग सरकत्या काचेवर ऊन थेट पडते आणि एसी दुपारीच लागतो. पश्चिमेला आडव्या छज्ज्यापेक्षा उभे आडोसे, बांबूची चिक किंवा हिरवी जाळी कामी येते, आणि ती काचेच्या बाहेर लावावी लागते. आतला पडदा उजेड अडवतो, उष्णता तोवर घरात आलेली असते. ओल्या वाळ्याचे पडदे विदर्भात गार करतात, इथल्या दमट हवेत त्यांचा सुवासच जास्त. उत्तरेच्या सज्ज्याला असे काही लागत नाही. पण पावसाळ्यात तिथे शेवाळ धरते, तुळस मान टाकते आणि दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात.