मुलाला दवाखान्यात आणलं कुणी? लहान मुलांच्या मानसिक उपचारांची पार्श्वभूमी

मुलांसाठी काउन्सेलर कमी, अपॉइंटमेंट मिळायला महिनोन्महिने लागतात, हे सगळीकडेच ऐकू येतं, पण ही सेवा मुळात सुरू कशी झाली ते पाहिलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. माझ्या मते खरा प्रश्न एकच, मुलाला तिथे आणलं कुणी?

१८९६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लाइटनर विटमरने पहिलं सायकॉलॉजी क्लिनिक काढलं. पहिला पेशंट म्हणजे स्पेलिंग जमत नाही म्हणून एका टीचरने आणलेला मुलगा, आणि तपासल्यावर निघालं काय तर त्याची नजरच अधू होती! पुढे १८९९ मध्ये शिकागोत मुलांसाठी वेगळं कोर्ट झालं आणि १९०९ मध्ये त्या कोर्टात येणारी मुलं अशी का वागतात हे समजून घ्यायला विल्यम हीलीने संस्था सुरू केली. म्हणजे बघा, एकीकडे शाळा, दुसरीकडे कोर्ट. ज्याचा मोठ्यांना त्रास होतो ते मूल आत येणार, आणि कोपऱ्यात गप्प बसून झुरणारं घरीच राहणार.

१९२० च्या दशकात चाइल्ड गायडन्स क्लिनिकं निघाली, तिथे सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्कर असे तिघं मिळून एक केस बघायचे. ही पद्धत चांगलीच होती आणि अजून टिकून आहे. १९३५ मध्ये लिओ कॅनरचं बालमनोविकारांवरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक आलं. १९५१ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बीने जागतिक आरोग्य संघटनेसाठी रिपोर्ट लिहिला की आईपासून दीर्घकाळ तुटलेल्या मुलावर खोल परिणाम होतो. (यात सगळं खापर आयांच्या डोक्यावर फुटलं ते वेगळंच.)

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइट बेटावरचं काम. १९६४-६५ मध्ये मनोविकारतज्ज्ञ मायकल रटर आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यात येणाऱ्यांची वाट न बघता बेटावरच्या १०-११ वर्षांच्या सगळ्याच मुलांची पाहणी केली, पालकांना विचारलं, टीचरना विचारलं आणि मुलांशीही बोलले, तर शंभरातल्या साधारण सहा-सात मुलांना मानसिक त्रास निघाला आणि त्यातल्या बहुतेकांना कसलीच मदत मिळत नव्हती. तीच मुलं १४-१५ ची झाल्यावर परत पाहणी झाली, तेव्हा तर कळलं की कित्येकांच्या मनातलं दुःख घरच्यांना माहीतच नाही. तोपर्यंत लहान मुलांना डिप्रेशन होऊच शकत नाही असं मानणारे डॉक्टर कमी नव्हते, कारण कुणी मुलांना नीट विचारलंच नव्हतं ना.

मग वयाचा घोळ. बहुतेक ठिकाणी मुलांची सेवा १८ ला संपते, पुढे मोठ्यांचा दवाखाना, नवा डॉक्टर, सगळं पहिल्यापासून सांगा. आणि २००५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलं की मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश २४ पर्यंत सुरू झालेले असतात! म्हणजे ऐन गरजेच्या मधोमध दार बंद.

ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू झालेल्या हेडस्पेस या तरुणांच्या मानसिक आरोग्यसेवेने म्हणूनच वय धरलं १२ ते २५, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, मूल स्वतःहून आत येऊ शकतं. विटमरच्या क्लिनिकनंतर तब्बल ११० वर्षांनी.