डिनेवूरच्या ढालीवरचे तीन कावळे

वेल्सच्या कारमार्थेनशायरमध्ये टवी नदीच्या काठी, झाडीने वेढलेल्या टेकडीवर डिनेवूरचा पडका किल्ला आहे. बाराव्या शतकात दक्षिण वेल्सवर सत्ता गाजवणाऱ्या रीस आप ग्रिफिथ राजाची ही गादी. पंधराव्या शतकात या खोऱ्यात ज्या घराण्याचा शब्द चाले, त्याच्या ढालीवर तीन काळे पक्षी होते. हे रेव्हन. आपल्या डोमकावळ्याहूनही थोराड, जाड चोचीचे, कड्याकपारीत घरटं बांधणारे.

हे घराणं आपलं मूळ सहाव्या शतकातल्या उरियन राजापर्यंत नेई. उरियनचा मुलगा ओवाईन याच्या पदरी कावळ्यांची फौज होती, असं वेल्श कथा सांगतात. एका मध्ययुगीन कथेत तो आणि आर्थर राजा पटावर डाव मांडून बसलेले असतात आणि तिकडे ओवाईनचे कावळे आर्थरच्या माणसांवर तुटून पडतात. ढालीवरचे तीन पक्षी म्हणजे या घराण्याची वंशावळच.

ऑगस्ट 1485 मध्ये इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारा हेन्री ट्यूडर वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावर उतरला. डिनेवूरचा रीस आप थॉमस आपली माणसं घेऊन त्याला मिळाला. 22 तारखेला बॉसवर्थच्या रणांगणावर इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसरा मारला गेला. रिचर्डचं चिन्ह रानडुक्कर, म्हणून कवी गुटोर ग्लिनने रीसची स्तुती गाताना त्याने डुक्कर मारल्याचं म्हटलं. नव्या राजाने रीसला ‘सर’ केलं, 1505 मध्ये गार्टर हा मोठा सन्मानही दिला. त्याची समाधी आज कारमार्थेनच्या सेंट पीटर चर्चमध्ये आहे.

त्याच कावळ्यांनी नातवाचा घात केला. नातू रीस आप ग्रिफिथ (बाराव्या शतकातल्या राजाचंच नाव असलेला) याने ‘फिट्झ-उरियन’, म्हणजे उरियनचा वंशज, असं नाव लावल्याचा आरोप झाला. लाल हात आणि कावळे यांच्या बळावर स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंड जिंकेल, असं एक भाकीत होतं. त्यावर विसंबून त्याने कट रचला, असंही म्हटलं गेलं. डिसेंबर 1531 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पुरावा फार तोकडा होता, असं मला वाटतं. पण आठव्या हेन्रीच्या दरबारात ढालीवरचा पक्षीसुद्धा जीवघेणा ठरू शकत होता.

खऱ्या पक्ष्यांची पाळीही लवकरच आली. धान्य वाचवण्यासाठी 1566 मध्ये झालेल्या कायद्याने रेव्हन आणि घारींच्या मुंडक्यांवर बक्षीस लागलं. पुढे शिकारीची राखीव रानं सांभाळणारे रखवालदार आणि अंडी जमवणारे हौशी लोक यांनी उरलेल्या घारींचा फडशा पाडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपूर्ण ब्रिटनमधल्या मोजक्याच लाल घारी मध्य वेल्समध्ये तगून होत्या, टवीच्याच वरच्या खोऱ्यातल्या ओक वृक्षांच्या रानांत. त्यांच्या रक्षणाचे संघटित प्रयत्न 1903 पासून सुरू झाले. त्या काळच्या घारींचा वंश एकाच मादीपासून चालत आला, असं पुढे जनुकीय तपासणीत दिसलं. आज या खोऱ्यात मान वर केली की दुभंगलेल्या शेपटीची लाल घार दिसते, आणि डोंगरांवर अजून थंडी असतानाच रेव्हनची जोडी कड्यावरच्या घरट्यासाठी काटक्या वाहू लागते.