समुपदेशकाला सांगितलं की वाडीभर होतं?

"त्या शिकाऊ पोरीला सांगशील, तर संध्याकाळपर्यंत वाडीभर होईल," हे रत्नागिरी-मालवणकडे सर्रास ऐकू येतं. भीती अगदीच खुळी नाही. चाकरमानी एसटीतून उतरायच्या आत इथे बातमी पोचते! पण समुपदेशन तसं चालत नाही. मानसिक आजारावरच्या उपचारांतली गोपनीयता २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३नुसार हक्क आहे. शिकाऊ असल्याने मी मार्गदर्शकांशी चर्चा करते, पण नाव-गाव वगळूनच.

गोंधळ होतो तो मुलांच्या बाबतीत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आई येते, खुर्ची त्याच्याशेजारी ओढते आणि उत्तरंही तीच देते. म्हणून आधी दोघांसमोर सांगते: जिवाला धोका असेल तर घरी कळवणार, लैंगिक अत्याचार असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक. बाकी कोण आवडतं, क्लास का बुडवला, ते इथेच राहील. मग आईंना बाहेर बसवते. त्या रागावतात, पण बसतात.

मोठ्यांना कुणाची परवानगी लागत नाही. ते मात्र सुरुवात बहुधा पित्तापासून करतात.

ओळखीचं कुणी भेटेल असं वाटत असेल, तर १४४१६ ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीतही.