दाढेचं ऑपरेशन झालंय आणि सीपॅप मास्क लीक होतोय? थांबा, नवीन मास्क घेऊ नका

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, ते आणि त्याचे मास्क आम्ही विकतो. "अक्कलदाढ काढलीय, गाल सुजलाय, मास्कमधून फसफस हवा सुटतेय, एक साइज मोठा मास्क पाठवून द्या" असे फोन आमच्याकडे सतत येतात, आणि आम्ही पाठवत नाही म्हटलं की समोरच्याला नवल वाटतं, दुकानदार असून विकायला नको म्हणतोय. विकायचंय हो, पण जो मास्क दहा दिवसांनी कपाटात पडणारे तो विकून तुमच्या शिव्या कोण खाणार. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय.

दाढ काढल्यावर सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरायला लागते आणि आठवडा-दहा दिवसांत चेहरा बऱ्यापैकी पूर्वीसारखा होतो. आणि मास्कची साइज गालावरून ठरत नाहीच. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क असेल तर नाकाच्या दांडीपासून खालच्या ओठाखालपर्यंतचं माप, नाकाचा मास्क असेल तर नाकपुड्यांची रुंदी. गाल सुजला म्हणून नाक लांब होत नाही. शिवाय सूज बहुतेक एकाच बाजूला असते, मोठा मास्क मात्र दोन्ही बाजूंनी मोठा, म्हणजे सुजलेल्या बाजूला जेमतेम बसतो आणि वरून डोळ्यात हवा मारतो, सकाळी डोळे लाल. मग तोच माणूस पंधरा दिवसांनी येतो, हा परत घ्या. पाकीट फोडलेला मास्क आम्ही परत घेत नाही, यावरून काहीजण चिडतात, पण तोंडात टाके असताना ज्यात रक्त-लाळ गेलीय तो मास्क उद्या तुम्हाला नवीन म्हणून दिला तर चालेल का? नाही ना. मग नियम तोच.

दुसरी गोष्ट जी सगळेच करतात ती म्हणजे पट्टे आवळणं. हवा सुटली की आवळ, अजून सुटली की अजून आवळ. कुशनच्या, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या सिलिकॉनच्या भागाच्या, कडेला एक पातळ पापुद्रा असतो, तो हवेने फुगून चेहऱ्याला चिकटतो आणि सील तिथे होतं, पट्टा फार ओढला की पापुद्रा चेपतो आणि लीक उलट वाढतं. एरवी यात नुसता वळ उठतो, पण सुजलेल्या जबड्यावर, आत टाके असताना, ते दुखणं वेगळंच. संध्याकाळी दाढ काढली असेल तर त्या रात्री ओठ-हनुवटी अजून बधिर असू शकते, पट्टा रुततोय हे कळतही नाही. त्यामुळे पट्टे सैल करा, आडवे व्हा, मशीन चालू करा, मास्क चेहऱ्यापासून जरा उचलून परत टेकवा, पापुद्रा नीट फुगू दे, आणि मग लागलं तर जेवढ्यास तेवढं ओढा. बसून, मशीन बंद ठेवून लावलेला मास्क झोपल्यावर हलतोच. आम्ही दुकानात तुम्हाला अर्धा-पाऊण तास आडवं झोपवून प्रेशर चालू करून मास्क बसवतो ते याचसाठी, ऑनलाइन स्वस्त मिळतो हे आम्हालाही माहितीये.

खरा उपाय ऑपरेशनच्या आधीचा आहे. तारीख ठरली की आठ-दहा दिवस आधी या. नाक-तोंडवाला मास्क वापरत असाल तर त्याची खालची कड बरोबर हनुवटीवर बसते, म्हणजे खालची दाढ काढली की दुखऱ्या भागाजवळच. नाकपुडीत बसणारा पिलोवाला मास्क हनुवटीला हात लावत नाही, गालावरून जातो तो फक्त पट्टा. रेसमेड कंपनीच्या पी टेनसारख्या मास्कच्या बॉक्समध्ये तीन साइजच्या पिलो येतात, त्यामुळे मापात चूक व्हायची शक्यता कमी. पण सवय व्हायला काही रात्री लागतात, सुजलेल्या तोंडाने पहिल्यांदा लावून बघायची ही गोष्ट नाही. आणि तोंड उघडं ठेवून झोपत असाल तर हवा तोंडातून निघून जाणार, तसं आधीच सांगा. हनुवटीचा पट्टा लावून तोंड बांधायचा प्रकार ऑपरेशननंतर स्वतःच्या मनाने करू नका, रक्त येत असतं, उलटी होऊ शकते. जबडा तारेने किंवा रबरांनी बांधला असेल तर कुठलाही मास्क सर्जनला विचारूनच.

सगळे दात काढून कवळी बसवणाऱ्यांचं प्रकरण वेगळं, आणि आमच्याकडे ज्येष्ठ मंडळी बरीच असल्याने हे जास्त दिसतं. आधी सूज, मग हिरड्या बसतात आणि ओठ-गाल आत जातात, म्हणजे माप दोनदा बदलतं. त्यात दुकानात येताना कवळी घालून येतात आणि रात्री काढून झोपतात. काका, झोपताना जसं तोंड असतं तसंच घेऊन या, कवळी डबीत आणि डबी खिशात, आम्हाला त्यात काही वाटत नाही. हिरड्या भरून आल्याचं डेंटिस्टने सांगितलं की मग कायमचा मास्क घ्या, तोवर जुन्यावर किंवा पिलोवर भागवू.

मशीन बंद ठेवायचं का हे आम्हाला विचारू नका, सर्जनला आणि झोपेच्या डॉक्टरांना विचारा, पण विचारा नक्की. "दुखतंय म्हणून आठवडाभर लावलंच नाही" हे ऐकलं की धस्स होतं, कारण भूल आणि ट्रॅमाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी श्वास अजून मंदावतो, नेमकं याच रात्री मशीन हवं असतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही सीपॅप लावता हे आधी सांगा, ॲडमिट होणार असाल तर मशीन सोबत न्या. उलट वरची मागची दाढ काढली असेल, किंवा इम्प्लांटसाठी सायनस लिफ्ट (वरच्या जबड्यात, नाकाशेजारच्या सायनसच्या पोकळीखाली हाड भरणं) केलं असेल, तर नाक शिंकरू नका असं सांगतात, आणि मग नाकातून प्रेशरची हवा चालेल का, किती दिवसांनी, हे ते डॉक्टरच ठरवणार. बंद ठेवायला सांगितलंच तर तेवढ्या रात्री डोकं आणि पाठ उंच करून झोपा, आणि झोपेची गोळी नको, दारू तर नकोच.

प्रेशर स्वतः बदलू नका. यूट्यूब बघून सेटिंगमध्ये शिरून ४ वर आणून ठेवलेली मशिन्स आमच्याकडे येतात, मग काय फिरवलंय ते शोधण्यात सकाळ जाते. हवा जोरात वाटत असेल तर रॅम्पची, म्हणजे प्रेशर हळूहळू वाढत जाण्याची, वेळ वाढवा, ते तुमच्या हातात आहे. तोंड कोरडं पडत असेल तर ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) एक-दोन पॉइंट वाढवा, थंडीत पाइपात पाणी साचून गुडगुड आवाज आला तर थोडं कमी करा. टाके असेपर्यंत कुशन रोज सकाळी सौम्य साबणाने धुवा, स्पिरिट-डेटॉल नको, सिलिकॉन खराब होतं. टाकीत डिस्टिल्ड पाणी, रोज ताजं.

सूज उतरल्यावर एकदा मशीन, मास्क आणि मशीनमधलं एसडी कार्ड घेऊन या, लीकचा रिपोर्ट काढून बघू. रेसमेडच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटरच्या आत असेल तर तुमचा जुनाच मास्क ठीक आहे, कुशन झिजलं असेल तर फक्त कुशन बदलून मिळतं, अख्खा मास्क घ्यायची गरज नाही. आमच्याकडून घेतलेल्या मशीनला तपासणीचे पैसे नाहीत. फोन करून या, म्हणजे झोपवून बघायला खोली रिकामी असेल.