चोवीस सेकंद आले कुठून?

परवा एका ग्रुपवर फॉरवर्ड आला, बास्केटबॉलमधे शॉटला, म्हणजे बॉल ताब्यात आल्यावर तो बास्केटकडे मारायला, 24 सेकंद देतात कारण 2 अधिक 4 म्हणजे 6, तो शुक्राचा अंक वगैरे. अहो, साधा भागाकार आहे तो! आणि त्यामागची गोष्ट कुठल्याही अंकज्योतिषापेक्षा भारी आहे.

22 नोव्हेंबर 1950. अमेरिकेतल्या NBA या व्यावसायिक लीगचे गतविजेते मिनियापोलिस लेकर्स घरच्या कोर्टवर, समोर फोर्ट वेन पिस्टन्स. लेकर्सकडे 6 फूट 10 इंचाचा जॉर्ज मायकन, त्याला अडवणार कोण? मग पिस्टन्स बॉल धरून नुसते उभे राहिले, तेव्हा शॉटला वेळेचं बंधनच नव्हतं ना. शेवटच्या क्वार्टरमधे दोन्ही टीमचे मिळून 4 पॉइंट. पिस्टन्स जिंकले 19-18, लेकर्सच्या 18 पैकी 15 एकट्या मायकनचे. प्रेक्षक वैतागले, पण गणित पिस्टन्सच्या बाजूने होतं.

कसं ते बघा. समजा तगडी टीम प्रत्येक पॉइंट 60 टक्के वेळा जिंकते. एकच पॉइंट खेळवला तर दुबळ्या टीमला 40 टक्के चान्स. तीनपैकी दोन म्हटलं की 35 टक्के (0.4 चा घन, अधिक 3 गुणिले 0.16 गुणिले 0.6, वहीत करून बघा). आणि 101 पॉइंट खेळवले तर जेमतेम 2 टक्के! कारण पॉइंटची संख्या n धरली तर कौशल्यातला फरक n च्या पटीत साठत जातो, नशिबाचे चढउतार मात्र फक्त n च्या वर्गमुळाच्या पटीत, म्हणून दुबळ्याने n कमी ठेवायचा, म्हणजेच बॉल दाबून बसायचं.

यावर उपाय काढला त्याच लीगमधल्या सिरॅक्यूज नॅशनल्स टीमचे मालक डॅनी बियासोन यांनी, बोलिंग ॲली चालवणारा माणूस. रंगलेल्या मॅचमधे प्रत्येक टीम साधारण 60 शॉट घेते, दोघींचे 120. मॅच 48 मिनिटांची, म्हणजे 2880 सेकंद. भागिले 120, आले 24. 1954-55 च्या सीझनला नियम लागू झाला आणि एका टीमची मॅचमागची पॉइंटची सरासरी 79.5 वरून 93.1 वर गेली.

त्याच सीझनच्या फायनलला सिरॅक्यूजसमोर कोण, तर तेच पिस्टन्स! निर्णायक सातव्या मॅचमधे पिस्टन्स 17 पॉइंटनी पुढे होते. पण आता बॉल दाबून बसता येईना, दर 24 सेकंदांनी शॉट घ्यावाच लागायचा आणि सिरॅक्यूज एकेक करत जवळ आले. शेवटची 12 सेकंदं उरली असताना सिरॅक्यूजच्या जॉर्ज किंगने फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट) टाकला, 92-91, आणि लगेच पिस्टन्सच्या हातातून बॉल काढून घेतला.