पानाची पुडी म्हणजे कोष नव्हे

वडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरात चौकटीचं भोक किंवा पोकळ बांबू चिरला की आत पानाच्या पुड्या एकापुढे एक रचलेल्या सापडतात. आणि लगेच "हे माशीचे कोष" असं ठरवून टाकतात. पानकाप्या माशीबद्दलचा (पानाचे तुकडे कापून घरटं बांधणाऱ्या, एकटीने राहणाऱ्या मधमाशीबद्दलचा) हा गोंधळ आता संपायला हवा, कारण त्यापायी पिल्लं मरतात.

रेशमाचा कोष सर्वांना ठाऊक आहे: अळी स्वतःच्या लाळेच्या धाग्याने तो स्वतःभोवती विणते. पानाची पुडी आई बांधते, तीही अंडं घालण्याआधी. गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाचे लांबट तुकडे भिंतीला लावायचे, आत पराग आणि मधुरसाचा लगदा भरायचा, त्यावर एकच अंडं घालायचं आणि गोल तुकड्यांचं झाकण ठोकायचं. पुढे ती पिल्लाला भरवायला येत नाही. अळी लगदा संपवते. उबेत याला साधारण दोन आठवडे लागतात. लगदा संपण्याआधीच ती विष्ठेच्या गोळ्या टाकू लागते आणि खाणं संपल्यावर पुडीच्या आत रेशमी, तपकिरी, चिवट कोष विणते. म्हणजे ताज्या पुडीत कोष नसतोच.

फसगत होते ती रंगामुळे. पान वाळून तपकिरी झालं की "कोष पिकला" असं समजतात. पान चार दिवसांतही वाळतं; त्याचा अळीच्या वयाशी काही संबंध नाही. भरवसा ठेवायचा तो तारखेवर: नळीचं तोंड बंद झालेलं दिसलं की पेन्सिलीने तिच्यावर तारीख लिहा आणि महिनाभर ती हलवू नका. धक्का लागून अंडं किंवा कोवळी अळी लगद्यावरून निसटली तर ती उपाशी मरते.

दुसरी चूक परदेशी व्हिडिओंतून येते. तिथल्या माती लिंपणाऱ्या मधमाशीचे कोष पाण्यात धुऊन फ्रिजमध्ये ठेवतात. ती माशी कोषात पूर्ण वाढून हिवाळा काढते, तिला थंडीची गरज असते, आणि तिच्या कोषावर पानांचं वेष्टण नसतं. पानकापी कोषात अळीच्याच रूपात थांबते. तिची पुडी भिजवली तर पानांच्या थरांत ओल राहते आणि बुरशी धरते. धुऊ नका, फ्रिजमध्ये तर मुळीच नको.

कुंभारीण (गांधीलमाशीच्या जातीची) वेगळी: तिचं घर मातीचं, आत पिल्लांचं खाणं म्हणून कोळी किंवा अळ्या. एवढं पुरे.

गुलाबाच्या कडेला गोल काप दिसला म्हणून फवारणी करू नये. माशी पान खात नाही, नेते. त्यापेक्षा एका टोकाला गाठ असलेल्या, 6 ते 8 मिमी भोकाच्या, 15 सेंमी लांब बांबूच्या नळ्या पूर्वेकडे तोंड करून छज्जाखाली बांधा. वडोद्याचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन आतल्या अळ्यांना सोसणार नाही. आखूड नळी नको, तिच्यात नरच जास्त निपजतात. मादी निपजणारी अंडी आत, नर निपजणारी तोंडाशी असतात, आणि नर आधी बाहेर पडतात. काही अळ्या कोषात महिनोन्‌महिने थांबतात. तोंड बंद असलेली नळी "मेली" म्हणून फेकू नका.